टॉलिव्हरची लोकसंख्या

टॉलिव्हर हे गाव मी पाहिलेलं नाही, आणि आता या वयात पाहीन असंही वाटत नाही. पण सोळाव्या वर्षी मला त्या गावाची जितकी माहिती होती तितकी आमच्या स्वतःच्या गडहिंग्लजचीही नव्हती. गडहिंग्लजला आम्ही दोन वर्षांतून एकदा, बाबांच्या कंपनीच्या तिकिटावर जायचो. काकांकडे महिनाभर राहायचो, आणि तिथली मुलं माझ्या मराठीला हसायची म्हणून मी फारशी बाहेर पडायचे नाही. टॉलिव्हरमध्ये मला हसणारं कुणी नव्हतं. अमेरिकेच्या पार वायव्य कोपऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी एकुलता एक रस्ता, त्याच्या एका टोकाला लाकडं कापायची मोठी सॉ मिल, दुसऱ्या टोकाला चर्च, मध्ये पोस्ट, न्हाव्याचं दुकान आणि एक खानावळ, हे सगळं मी डोळे मिटून सांगितलं असतं. टॉलिव्हर नावाचा कुणी माणूस बैलगाडीतून आला, नदीकाठी त्याने पहिली झोपडी बांधली, मग मिल आली, मिलमागून रेल्वे आली, आणि रेल्वेमागून बायका-पोरं. गावाच्या वेशीवर एक पाटी होती. तिच्यावर गावाचं नाव आणि खाली गावात किती माणसं राहतात तो आकडा. ती पाटी रंगवायचं काम मिस कॅरलच्या वडिलांकडे होतं. मिस कॅरल जन्मली त्या दुपारी ते शिडी घेऊन गेले आणि त्यांनी आकड्यात एकाची भर घातली, ही गोष्ट तिने आम्हाला वर्गात इतक्या वेळा सांगितली होती की ती शिडी मला दिसायची.

आम्ही तेव्हा शारजात, रोल्लाला राहायचो. खाली सोन्याची दुकानं, बॅगांची दुकानं, एक मोबाईलवाला आणि केरळी हॉटेल. वर चार मजल्यांवर गुजराती, मल्याळी, पाकिस्तानी, बंगाली आणि आम्ही एकटे मराठी. घरातला दिवस आईच्या मिक्सरने सुरू व्हायचा. पहाटेची बांग झाली की लगेच नारळाची चटणी, मग खिडकीतल्या एसीच्या घरघरीवर मात करत फोडणीचा चर्र आवाज, मग खाली जाऊन भाजी आणायला लावणारा तिचा आवाज. आईकडे दुबईतल्या एका अमेरिकन शाळेच्या कॅन्टीनचं काम होतं. सामोसे, इडल्या, पराठा रोल, आणि गोऱ्या मुलांसाठी चीज सँडविच. भाजीवाल्याशी तिचं हिंदी-मराठी-अरबी असं मिसळून चालायचं. दोन दिरहमला कोथिंबिरीची जुडी म्हटल्यावर "म्हणजे तेवीस रुपये, गडहिंग्लजला पोतंभर येईल," असं ती त्याला ऐकवायची, आणि तो केरळी माणूस "खलास आंटी, तुम्ही उधरसेच लाओ," म्हणून हसायचा. त्या कॅन्टीनमुळेच मला त्या शाळेत अर्ध्या फीमध्ये प्रवेश मिळाला होता. आईला त्याचा फार अभिमान होता. मी तिला इंग्रजीतून उत्तरं द्यायचे याचा मात्र राग नव्हता. तिच्या मते ते शिक्षण चालू असल्याचं लक्षण होतं.

बाबा कॅम्प बॉस होते. मुहैस्नाहला, ज्याला सगळे सोनापूरच म्हणतात, एका कंत्राटदार कंपनीच्या मजुरांचा कॅम्प ते सांभाळायचे. खोल्या, पाणी, जेवणखाण, कुणाचं आजारपण, कुणाची भांडणं. सकाळी पाचला घर सोडायचे आणि संध्याकाळी येऊन पहिल्यांदा पाय धुवायचे. कमी बोलणारा माणूस. आईने पिठलं केलं की खुबूसबरोबर, म्हणजे इथल्या अरबी रोटीबरोबर, खायचे आणि "भाकरीसारखं नाही, पण वाईट नाही," एवढं एकच वाक्य दर वेळी म्हणायचे. मला वाटायचं माझे बाबा हे असेच, आत काही न ठेवणारे. मुलांना आपल्या बापाबद्दल असं काहीतरी वाटतच असतं. माझ्या मुलीला माझ्याबद्दल काय वाटतं ते मी अजून विचारलेलं नाही.

मिस कॅरल आम्हाला समाजशास्त्र शिकवायची. उंच, खांदे किंचित झुकलेले, केस पिकलेले, लग्न न केलेली. तिला वाळवंट आवडायचं आणि आईची इडली आवडायची. कॅन्टीनच्या खिडकीशी उभी राहून ती आईला "मिसेस माने, वन मोर" म्हणायची आणि आई न मागितलेली चटणी वाढायची. दहावीच्या वर्षी तिने प्रत्येकाला एकेका गावाचा इतिहास आणि लोकसंख्या असा प्रोजेक्ट दिला. बहुतेकांनी आपापली गावं घेतली. कराची, कोट्टायम, मनिला. माझं गाव कुठलं ते मला ठरवता येईना. गडहिंग्लज म्हणायचं तर लाज वाटायची, शारजा म्हणायचं तर आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणीही तिथलं नव्हतं; व्हिसा संपला की जायचं, हे आम्ही शेंबडी पोरंही जाणून होतो. मी सरळ सांगितलं की मी टॉलिव्हर घेते. मिस कॅरलचे डोळे भरून आले. तिने घरून आणलेलं गावाचं छापील पुस्तक मला दिलं, शताब्दीच्या वेळी काढलेलं, आणि म्हणाली की ओपन डेला सगळ्या पालकांसमोर मीच बोलायचं. पुढे अमेरिकेत कॉलेजला जायचं असेल तर शिफारसपत्र ती स्वतः लिहील, असंही म्हणाली.

त्या पुस्तकाच्या मागे दर दहा वर्षांची जनगणना होती. मी मोठ्या चार्ट पेपरवर आलेख काढायला घेतला. आमच्या जेवणाच्या टेबलावर तो पेपर आठवडाभर पसरलेला होता आणि आम्ही सगळे जमिनीवर बसून जेवत होतो. रेघ छान वर चढत होती. मिल आली, रेल्वे आली, शाळा आली. आणि मग एका दशकात ती रेघ एकदम खाली घसरली. मला वाटलं, पूर आला असेल किंवा मिल बंद पडली असेल. पण पुस्तकात त्याच वर्षांत मिलने दुसरी करवत बसवल्याचं, नवीन गोदी बांधल्याचं लिहिलं होतं. काम वाढलं आणि माणसं कमी झाली, हे मला जुळेना. बाबांना विचारलं. ते ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मोजणारे चुकले असतील." मिस कॅरलला विचारलं तर तिने क्षणभर चार्टकडे पाहिलं आणि म्हणाली की तेव्हा साथीचे रोग असायचे. मग मी मनाशी ठरवलं की आपण शोधून काढून तिला चकित करायचं. पुस्तकात गावाच्या ग्रंथालयाचा पत्ता होता. तिथे मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात पत्र लिहिलं. उत्तरासाठी बाबांच्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स नंबर दिला, कारण इथे घरी टपाल येतच नाही.

दीड-दोन महिन्यांनी बाबा एक तपकिरी पाकीट घेऊन आले. संध्याकाळची वेळ होती, आई सामोशांचं सारण परतत होती. पाकिटात ग्रंथपाल बाईंची चार ओळींची चिठ्ठी होती आणि एका जुन्या वर्तमानपत्राच्या पानाची झेरॉक्स. चिठ्ठीत लिहिलं होतं की तुझा प्रश्न चांगला आहे, आणि आजवर तो कुणी विचारला नव्हता. मी झेरॉक्स उलगडली. मथळा मोठ्या अक्षरात होता. गाव हिंदूंपासून मोकळं झालं, अशा अर्थाचा.

मी तो मथळा तीनदा वाचला. हिंदू म्हणजे आम्ही. आमच्या देव्हाऱ्यात तेव्हा निरांजन तेवत होतं, आणि अमेरिकेतल्या त्या शहाण्यासुरत्या गावाच्या पेपरात आमचं नाव मथळ्यात छापलेलं होतं, एखाद्या रोगाचं छापावं तसं. खाली बातमी वाचली तेव्हा कळलं की ती माणसं पंजाबातली शीख होती. फेटेवाल्या सगळ्यांनाच तिथे हिंदू म्हणायचे. मिलमध्ये ओली लाकडं ओढायच्या कामावर त्यांना आणलं होतं आणि गावाबाहेर, ओंडक्यांच्या तळ्यापलीकडे एका लांबलचक फळ्यांच्या खोलीत ठेवलं होतं. एका रविवारी चर्च सुटल्यावर गावचे पुरुष तिकडे गेले. नदीच्या वरच्या अंगाला नवीन कॅम्प आहे, चांगल्या खोल्या आहेत, सामान घ्या आणि चला, असं सांगून त्यांनी त्या सगळ्यांना स्टेशनवर नेलं, मालगाडीच्या डब्यांत चढवलं आणि बाहेरून कड्या लावल्या. गाडी वरच्या अंगाला गेलीच नाही. ती समुद्राकडे गेली. दुसऱ्या दिवशी गावाने त्यांची खोली पेटवून दिली. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, असं पेपराने शेवटी कौतुकाने लिहिलं होतं.

बातमीसोबत एक फोटो होता. फलाटावर वीस-पंचवीस पुरुष ओळीने उभे होते, डोक्यावर हॅट, हातात कुऱ्हाडीचे दांडे. क्रिकेटची मॅच जिंकलेल्या टीमसारखे हसत होते. फोटोखाली प्रत्येकाचं नाव होतं, डावीकडून उजवीकडे, अगदी नीट. तिसरं नाव मिस कॅरलच्या आडनावाचं होतं. जे गेले त्यांच्यापैकी कुणाचंही नाव अख्ख्या पानावर कुठे नव्हतं.

आईने विचारलं काय झालं, तर मला इंग्रजीतही सांगता येईना आणि मराठीतही. बाबांनी माझ्या हातून कागद घेतला. चष्मा लावला. त्यांचं इंग्रजी कामापुरतं होतं, ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. मधेच एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं, आणि बराच वेळ तिथून हललं नाही. मग त्यांनी तो कागद घडी करून पाकिटात घातला आणि म्हणाले, "वैशू, हे प्रोजेक्टमध्ये घालायचं नाही."

मी म्हटलं, "पण बाबा, इट्स ट्रू."

"खरं आहे म्हणूनच सांगतोय. आईचं कॅन्टीन आहे त्या शाळेत. आपण इथे कामाला आलोय. आपल्याला काय करायचंय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, एक घाई होती. मला वाटलं, घाबरले. आमच्या घरात शाळेच्या ऑफिसमधून फोन आला तरी सगळे उभे राहायचे, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी मी ते पाकीट घेऊन मिस कॅरलकडे गेले. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. मला वाटत होतं की तिला धक्का बसेल, ती रडेल, आणि मी तिची समजूत घालीन. वाक्यंसुद्धा मी तयार केली होती. तिने झेरॉक्स हातात घेतली, बातमी वाचलीच नाही, फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हे माझे आजोबा."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ती खुर्चीत बसली. म्हणाली की हा फोटो न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी टांगलेला होता. तिचे वडील तिला केस कापायला घेऊन जायचे तेव्हा ती खुर्चीत बसून तोच पाहत राहायची. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी लपवत नव्हतं, पण कुणी बोलतही नव्हतं. शताब्दीच्या पुस्तकाच्या समितीत ती स्वतः होती. ते पान घालायचं का, हा प्रश्नसुद्धा निघाला नव्हता. मग तिने मला विचारलं की मी काय करणार आहे. ती म्हणाली, "प्रोजेक्ट तुझा आहे. तू ठरव. मार्कांचा याच्याशी संबंध नाही."

आज मी तिच्या त्या वेळच्या वयाच्या जवळ आले आहे, आणि त्या वाक्यातला थकवा मला आज कळतो. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं की साथीचा रोग वगैरे तिने मला तोंडावर खोटं सांगितलं होतं. आलेखातली ती घसरलेली रेघ कशाची होती हे पहिल्याच नजरेत तिला ठाऊक होतं. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये गेले नाही, घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. ज्या गावात मी मनाने इतके दिवस राहिले होते, तिथे माझ्यासारखं कुणी राहायला गेलं असतं तर काय झालं असतं, हे मला कळलं होतं. आणि ते कळूनही मला ते गाव आवडत होतं. त्या दोन्ही गोष्टी एकत्र कुठे ठेवायच्या ते सोळाव्या वर्षी सापडेना.

ओपन डे बुधवारी दुपारी होता. हॉलमध्ये अमेरिकन पालक, अरब पालक, आमच्यासारखे काही. मागच्या बाजूला लांब टेबल मांडून आई सामोसे आणि चहा लावत होती. बाबा त्या दिवशी सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. मी बोलायला उभी राहिले. बैलगाडी, झोपडी, मिल, रेल्वे, शाळा. वेशीवरच्या पाटीची गोष्ट सांगितली तेव्हा लोक कौतुकाने हसले. मग मी आलेखाच्या त्या ठिकाणी आले. बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी म्हटलं, "या काळात लोकसंख्या थोडी कमी झाली," आणि पुढच्या दशकावर गेले. शेवटी टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा पहिल्या रांगेतून मिस कॅरल उठली. म्हणाली की वैशालीकडे एक कागद आहे, तो तिने वाचला नाही, तिची हरकत नसेल तर मी वाचते. मी पाकीट फाइलमधून काढून दिलं. माझ्या हाताने ते दिलं हेच मला खरं वाटेना. तिने मथळ्यापासून शेवटपर्यंत सगळी बातमी वाचली, तिच्या नेहमीच्या शिकवण्याच्या आवाजात. मग फोटोखालची नावं वाचली. तिसऱ्या नावाशी थांबून म्हणाली, "हे माझ्या वडिलांचे वडील," आणि पुढचं नाव वाचलं. एक बाई मुलाचा हात धरून बाहेर गेली. आईला त्या इंग्रजीतलं अर्धंच कळत होतं, पण ती चहाचा थर्मास हातात धरून तशीच उभी होती. शेवटी प्रिन्सिपलनी उठून आभार मानले आणि चहा घ्या म्हणाले. सगळे चहाकडे गेले, आणि एकमेकांशी फार मोठ्याने, भलतंच काहीतरी बोलू लागले.

आईचं कॅन्टीन कुणी काढून घेतलं नाही. आम्ही ज्याला घाबरलो होतो त्यातलं काहीच झालं नाही. मिस कॅरल त्या उन्हाळ्यात गावी गेली ती परत आली नाही. तिचं एक पत्र आलं. न्हाव्याच्या दुकानातला फोटो काढून तिने ग्रंथालयात बातमीसकट लावायला लावला होता, आणि त्यावरून तिची सख्खी बहीण तिच्याशी बोलायची बंद झाली होती. सोबत माझं शिफारसपत्र होतं. ते मी कधी वापरलं नाही. मी इथेच कॉलेज केलं, इथेच नोकरी केली. मधे एकदा मुलीने फोनवर शोधून दाखवलं: टॉलिव्हरची मिल केव्हाच बंद झाली आहे, आणि आता तिथे आमच्या एका टॉवरमध्ये राहतात त्याहून कमी माणसं राहतात.

पण मला जे सांगायचं आहे ते त्या बुधवारी परतताना घडलं. दुबईहून शारजाला जाणारा रस्ता नेहमीसारखा तुंबलेला होता. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, आई मागे रिकाम्या पातेल्यांना धरून. गाड्या जागच्या हलत नव्हत्या. ऊन समोरून काचेवर येत होतं. बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "मीपण तेच सांगितलं होतं."

मला कळलं नाही. मी विचारलं, कुणाला?

"पोरांना. दुसरीकडे नवीन साइट आहे, चांगल्या खोल्या आहेत, सामान घ्या. त्या पेपरात लिहिलंय ना, तसंच. शब्दसुद्धा तेच."

मग ते तुटक तुटक सांगत गेले. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या हातून एक मोठं काम गेलं होतं. बेचाळीस माणसांना एकाच दिवशी परत पाठवायचं ठरलं. आधी सांगितलं तर ती अडून बसतील, म्हणून ऑफिसने बाबांना सांगितलं की तू सांग, तुझं ऐकतात. सकाळचा चहा झाल्यावर बाबांनी त्यांना अबूधाबीची साइट आहे असं सांगितलं. बस गेटवर उभी होती. ती सरळ एअरपोर्टला गेली. पासपोर्ट घेऊन कंपनीचा माणूस तिथे आधीच उभा होता. एअरपोर्टचं वळण आल्यावर आत ओरडाआरडा झाला, असं बाबांना ड्रायव्हरने नंतर सांगितलं. बाबा बसमध्ये नव्हते. ते कॅम्पवर खोल्या झाडून घेत होते.

मागून आईने विचारलं, "त्यात मारुती होता?"

बाबा म्हणाले, "होता."

मारुती लोहार हा आजऱ्याकडचा वेल्डर. मी नऊ-दहा वर्षांची असताना दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो आमच्याकडे जेवायला यायचा. माझ्या सायकलचा मोडलेला स्टँड त्यानेच जोडून दिला होता, आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं वर्णन करत तो आईचा बासमती भात तीनदा घ्यायचा. मग तो एकाएकी यायचा बंद झाला. त्याची आई आजारी आहे म्हणून घाईने गेला, असं बाबांनी आम्हाला सांगितलं होतं. निरोप न घेता गेला म्हणून मी त्याच्यावर किती दिवस रुसले होते.

समोरच्या गाड्या हलल्या, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी बाबांनी गिअर टाकला नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. तेच हात, पिठल्यात खुबूस बुडवणारे. फोटोतल्या लोकांकडे मी इतके दिवस बघत होते आणि असे चेहरे असणारी माणसं कशी असतील, घरी कशी वागत असतील याचा विचार करत होते.

मग आई म्हणाली, "तो परत आलाय. वर्ष झालं. बर-दुबईच्या देवळात भेटला होता मला. अल क्वोजला एका वर्कशॉपमध्ये आहे. घरी ये म्हटलं तर नुसता हसला. मला वाटलं, कामात असेल." आणि मग, पातेल्यावरचं झाकण सरळ करत, "शुक्रवारी जाऊन या. मी डबा देते."

शुक्रवारी बाबा निघाले आणि मीही त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी नको म्हटलं नाही. अल क्वोजच्या त्या गल्लीत सगळे पत्र्याचे शटर बंद होते, एकच उघडं. आत मारुती लोखंडी गेटाला वेल्डिंग करत होता. आम्हाला बघून त्याने मास्क वर केला. केस पांढरे झाले होते. "या साहेब," म्हणाला, जणू आम्ही येणारच होतो. मला "वैशूताई, केवढी झालीस," म्हणाला. रंगाचे दोन डबे पालथे घालून आम्हाला बसायला दिले, शेजारच्या कॅफेटेरियातून इथला दाट करक चहा मागवला. आईचा डबा त्याने दोन्ही हातांनी घेऊन कपाटावर ठेवला. बाबा बसले नाहीत. उभ्या-उभ्याच त्यांनी सांगितलं की मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो, मला माहीत होतं बस कुठे जाणार आहे. इतकी वर्षं सांगायला तोंड झालं नाही.

मारुतीने हातमोजे काढले. म्हणाला, "मला तवाच कळलं हुतं, साहेब. साइटवर निघताना तुमी रोज वरडायचा, पानी भरून घ्या रे म्हणून. त्या दिशी म्हणाला न्हाईसा."

बाबा म्हणाले, "कळलं होतं, मग चढलास कशाला?"

"न चढून कुठं जायाचं हुतं?" मारुती म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हवापाण्याचं सांगावं तसं तो सांगत होता. "खोल्यांना कुलपं तुमीच लावलीवती की. आमी चहा पीत हुतो तवा."

गाडीत बाबांनी आम्हाला कुलपांचं सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मारुतीने चहाचा कागदी कप त्यांच्या हातात दिला, दुसरा माझ्या हातात दिला, मग मास्क खाली ओढून तो गेटाकडे वळला, आणि ठिणग्या उडायला लागल्यावर आम्ही दोघांनी डोळे दुसरीकडे फिरवले.